लॅपटॉपची शिट्टी: सांगलीतल्या एका रेकॉर्डिंगच्या खोलीचं प्रकरण

सांगलीतल्या एका निवेदिकेच्या घरी रेकॉर्ड होणाऱ्या ऑडिओबुकच्या फायली संकलनासाठी माझ्याकडे पुण्याला येतात. मी त्यांना ताई म्हणतो, इथेही तेच म्हणेन. नव्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणापासून फायलींमध्ये एक बारीक, टोचणारी शिट्टी येऊ लागली. ताई दोन वाक्यांच्या मध्ये थांबल्या की ती वर यायची, वाचन सुरू झालं की शब्दांखाली दबायची. खोली तीच, माइक तोच, माइक लॅपटॉपला जोडणारी डबी म्हणजे ऑडिओ इंटरफेसही तोच. बदललं होतं एकच: जुना जाडजूड लॅपटॉप जाऊन नवा, पातळ, धातूच्या अंगाचा लॅपटॉप आला होता. जुन्याचा पंखा चांगला घरघरायचा, पण ती घरघर संकलनात सहज काढता यायची. नव्याचा पंखा जवळजवळ गप्प असतो, आणि नेमकं तेच अंगावर आलं. पंख्याच्या आवाजाखाली एरवी झाकलं जाणारं सगळं आता उघडं पडलं होतं.

मोजमापाच्या हिशेबाने फायली पास होत्या. ऑडिबल या ऑडिओबुक कंपनीच्या एसीएक्स या व्यासपीठाची अट अशी, की निवेदक गप्प असतानाचा आवाज उणे 60 डेसिबलच्या खाली राहिला पाहिजे. बाकीचे प्रकाशकही साधारण हाच आकडा धरतात. ताईंच्या फायली त्याच्या खालीच होत्या. पण हा आकडा सगळ्या पट्ट्याची सरासरी सांगतो. पंख्याची घरघर सगळीकडे पसरलेली असते आणि कान तिच्याकडे लवकर दुर्लक्ष करायला लागतो. शिट्टीची सगळी ताकद एकाच जागी असते. त्यामुळे आकड्यात लहान दिसणारी शिट्टी हेडफोनवर ऐकणाऱ्याला दहा मिनिटांत वैताग आणते.

मी पहिल्यांदा संकलनातच ती काढून पाहिली. पण मराठी वाचनात अशी काटछाट फार महागात पडते. ‘स’, ‘श’ आणि ‘चमचा’, ‘जहाज’ यांतले दंततालव्य ‘च’, ‘ज’ यांचा बराचसा जीव 4 ते 10 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो. तिथे जाडसर कात्री चालवली की वाचणाऱ्याचे पुढचे दात पडल्यासारखं ऐकू येतं. मग ठरवलं, आवाज जिथे जन्मतो तिथेच जाऊन बघायचं.

कंपनीकडून काय झालं

लॅपटॉप वॉरंटीत होता. कंपनीचा तंत्रज्ञ घरी आला, कान लावून बसला आणि म्हणाला, ‘मॅडम, मला काहीच ऐकू येत नाही.’ ताईंच्या शाळकरी मुलाला ती शिट्टी शेजारच्या खोलीतूनही कळत होती. सासऱ्यांना अगदी जवळ बसूनही कळत नव्हती. यात कुणीच खोटं बोलत नव्हतं. माणसाची श्रवणमर्यादा 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ अशी पुस्तकात असते, पण वरचं टोक वयाबरोबर खाली सरकत जातं. ज्यांच्या घरी पूर्वी डबा टीव्ही होता त्यांना हे आठवेल. टीव्हीचा आवाज बंद करून ठेवला तरी ‘टीव्ही चालू आहे’ हे पोरांना दुसऱ्या खोलीतून कळायचं. आपल्याकडच्या पाल (PAL) या टीव्ही प्रसारणाच्या पद्धतीत चित्राच्या 625 ओळी सेकंदाला 25 वेळा काढल्या जायच्या, म्हणजे 15,625 हर्ट्झ. त्या वारंवारतेवर आतला ट्रान्सफॉर्मर शिट्टी वाजवायचा, आणि आजोबांना त्याचा पत्ताही नसायचा.

मी ताईंना फोनवर स्पेक्ट्रॉइड नावाचं अ‍ॅप घ्यायला सांगितलं. फोनचा माइक जे ऐकतो त्याचा वारंवारतेनुसार आलेख ते पडद्यावर दाखवतं. तंत्रज्ञाच्या डोळ्यासमोर कीबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापाशी फोन धरला तेव्हा 11 किलोहर्ट्झच्या आसपास सुळका उभा राहिला. वाद तिथेच मिटला. त्याने मदरबोर्ड बदलायची शिफारस केली, कंपनीने बोर्ड बदलून दिलाही. नवा बोर्ड शिट्टी वाजवतच आला, सूर तेवढा किंचित खाली. त्यापुढे कंपनीचं उत्तर एकच होतं: हे नॉर्मल आहे.

ताई चिडल्या, आणि चिडायचा त्यांना हक्क होता. पण ‘नॉर्मल’ हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही, एवढं मला कबूल करावं लागेल. बोर्ड बिघडलेला नव्हता. ठरवलं होतं तसंच काम करत होता आणि ते करताना आवाज करत होता. खरेदी करताना आवाजाची अट कुठल्याच कागदावर नसते, म्हणून हा झगडा वॉरंटीत नेला की अडकतो. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक मी दिला होता, पण समोर डेडलाइन असताना तिकडे वेळ घालवायची ताईंची तयारी नव्हती. कुणी आत्ता नवा लॅपटॉप घेत असेल तर बदलून मिळायची मुदत संपायच्या आत, रात्री, पंखा बंद करून त्याच्याजवळ बसा. दुकानाच्या गोंगाटात हे कधीच कळत नाही.

शिट्टी येते कुठून

प्रोसेसरला साधारण एक व्होल्ट लागतो, पण प्रवाह मात्र कित्येक अँपिअर. चार्जरमधून येतात 19-20 व्होल्ट. हे उतरवायचं काम बोर्डवरचे छोटे स्विच, कॉइल (तारेचे वेढे) आणि कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे भाग) मिळून करतात. स्विच सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होतात. तो वेग कानाच्या फार पलीकडचा आहे, त्यामुळे त्याचा थेट त्रास नाही.

त्रास होतो प्रवाहाच्या चढउताराचा. आजचा प्रोसेसर काम नसलं की क्षणात झोपतो आणि काम आलं की उठतो. या झोपेच्या पायऱ्यांना सी-स्टेट म्हणतात. सी-शून्य म्हणजे टक्क जागा, आकडा वाढेल तशी झोप गाढ. हे झोपणं-उठणं सेकंदाला काही हजार वेळा होऊ लागलं की कॉइलमधला प्रवाहही तितक्याच वेळा उसळतो, आणि ती उसळी नेमकी कानाच्या पट्ट्यात पडते. कॉइलच्या वेढ्यांवर आणि गाभ्यावर चुंबकीय जोर पडतो, ती अगदी सूक्ष्म थरथरते. जुन्या ट्यूबलाइटचा चोक 100 हर्ट्झवर घुमायचा तोच हा प्रकार, फक्त सूर बराच वर गेलेला. शिवाय बोर्डवर सिरॅमिक कपॅसिटर असतात. त्यांतल्या बऱ्याच जणांत बेरियम टायटनेट असतं, आणि व्होल्टेज बदललं की हा पदार्थ स्वतःच आकाराने किंचित बदलतो. म्हणून सरसकट सगळं पाप कॉइलच्या माथी मारणं बरोबर नाही.

इतक्या लहान वस्तूची इतकी छोटी थरथर खोलीभर ऐकू यायला नको होती. ती ऐकू येते बोर्डमुळे: तंबोऱ्याच्या तारेला भोपळा जे करतो ते या थरथरीला बोर्ड आणि पातळ धातूचं अंग करतात.

हे दुखणं नवं नाही. 2006 साली इंटेलचा प्रोसेसर घालून आलेले पहिले मॅकबुक प्रो याच शिट्टीसाठी बदनाम होते. तेव्हा लोकांनी एक गमतीचा उपाय शोधला होता: फोटो बूथ उघडून कॅमेरा चालू ठेवायचा, शिट्टी बंद! कॅमेरा चालू असला की प्रोसेसरला गाढ झोपता येत नाही, एवढंच त्यामागचं कारण. लिनक्सवाल्यांचाही तोच ताप होता. 2.6 मालिकेच्या सुरुवातीला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सेकंदाला 1000 वेळा प्रोसेसरला टोचून उठवायचा, आणि काही लॅपटॉप बरोबर 1 किलोहर्ट्झवर गायला लागायचे.

हवेतून की तारेतून

अशा तक्रारीत मी पहिला प्रश्न हाच विचारतो, कारण उत्तरावर पुढचा सगळा रस्ता ठरतो. ताईंना सांगितलं, माइकची केबल इंटरफेसमधून काढा, बाकी सगळं तसंच ठेवून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. मग माइक लावून पुन्हा अर्धा मिनिट. दोन्ही तुकडे ऑडॅसिटी या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या क्षणी कुठली वारंवारता वाजते त्याचं चित्र, पाहिला.

माइक असलेल्या तुकड्यात दोन रेषा होत्या. एक 11 किलोहर्ट्झच्या आसपास, नागमोडी, मधूनच तुटणारी. दुसरी 8000 हर्ट्झवर पट्टीने मारल्यासारखी सरळ. माइक काढलेल्या तुकड्यात नागमोडी गायब होती, सरळ मात्र जशीच्या तशी.

म्हणजे आपण एकच शिट्टी समजत होतो ती दोन वेगवेगळी प्रकरणं निघाली. नागमोडी हवेतून माइकमध्ये शिरत होती. सरळ हवेत नव्हतीच, ती तारेतून येत होती. आणि 8000 हा आकडा पाहिला की ओळख पटायला वेळ लागत नाही. यूएसबी 2.0 चा हाय-स्पीड व्यवहार 125 मायक्रोसेकंदांच्या घासांत चालतो, म्हणजे सेकंदाला बरोबर 8000 घास. त्या लयीत इंटरफेसच्या वीजपुरवठ्यात खळबळ होते, आणि ग्राउंड, म्हणजे सगळ्या यंत्रणेची शून्य व्होल्टची पातळी, स्वच्छ नसला की ती माइकच्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोचते. हळू वेगाच्या जुन्या उपकरणांत हीच रेषा 1000 हर्ट्झवर आणि तिच्या पटींत दिसते.

ग्राउंड स्वच्छ का नव्हता, याचं उत्तर ताईंनी न विचारताच दिलं. ‘दादा, चार्जर लावला की लॅपटॉपच्या अंगाला हात फिरवताना मुंग्या येतात. पण ते तर सगळ्यांनाच येतात ना?’

बऱ्याच जणांना येतात हे खरं, पण त्याला कारण आहे. चार्जरच्या आत, फेज आणि न्यूट्रलकडचा गोंगाट गिळायला छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे लॅपटॉपचं धातूचं अंग निम्म्या मेन्सवर, म्हणजे साधारण 115 व्होल्टवर तरंगत राहतं. प्रवाह अगदी किरकोळ असल्याने इजा होत नाही, पण मुंग्या येतात. ताईंचा चार्जर तीन पिनांचा होता, घर मात्र जुनं. वायरमनला बोलावलं. त्याने मल्टिमीटर लावला तर फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, आणि फेज-अर्थ काहीतरी भलताच, हलता आकडा. भिंतीवरच्या वीजबोर्डाच्या तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. भोक नुसतं शोभेचं.

त्याच इंटरफेसला टेबलावरचे दोन स्पीकरही जोडलेले होते, वेगळ्या बोर्डावरून स्वतःची वीज घेणारे. एकाच यंत्रणेला दोन वाटांनी वीज येते आणि दोन्हीकडचा ग्राउंड वेगळा, मग मधल्या ऑडिओ केबलमधून नको तो प्रवाह फिरत राहतो. माउस हलवला की स्पीकरमधून येणारी चर्रर ही त्याचीच. उपाय साधे होते. खोलीत खरी अर्थिंग ओढून घेतली. लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर सगळे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणले. रेकॉर्डिंगच्या वेळी स्पीकरची केबल काढून ठेवायची असं ठरलं. मुंग्या थांबल्या आणि 8000 ची रेषा इतकी फिकी झाली की उरलेली मी संकलनात नॉच फिल्टरने, म्हणजे एकच वारंवारता कापणाऱ्या फिल्टरने, काढतो. सूर जागचा हलत नाही, त्यामुळे सुईच्या टोकाएवढी कात्री पुरते आणि ‘च’ला धक्का लागत नाही.

इथे एक सांगून ठेवतो. अर्थची पिन तोडून किंवा तीन पिनांना दोन पिनांचा कन्व्हर्टर लावून ही चर्रर घालवायचा सल्ला सर्रास मिळतो. चर्रर कधी कधी जातेही. पण आतलं काही शॉर्ट झालं तर धातूच्या अंगावर पूर्ण मेन्स येऊ शकते आणि आपला हात त्यावरच असतो. त्यापेक्षा चर्रर बरी.

नागमोडी रेषेचा माग

आता उरली ती हवेतली शिट्टी. इथे ‘कुठून येते’पेक्षा ‘कशाने बदलते’ हा प्रश्न जास्त कामाचा असतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फोनवरचा सुळका बघायचा.

पडद्याचा उजेड कमी-जास्त केला, काही फरक नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅकलाइट झपाझप चालू-बंद करून उजेड कमी केला जातो आणि त्याचीच शिट्टी येते. अशा वेळी उजेड पूर्ण वाढवला की ती बंद पडते. इथे ते नव्हतं.

चार्जर काढला तर शिट्टी वाढली! ताई गोंधळल्या. पण बॅटरीवर गेला की लॅपटॉप काटकसर करू लागतो, प्रोसेसर जास्त गाढ आणि जास्त वेळा झोपतो, शिट्टीला आणखी वाव मिळतो. चार्जरचा स्वतःचाही एक बारीक कुरकुराट होता, फक्त बॅटरी पूर्ण भरल्यावर येणारा. भार अगदी कमी झाला की चार्जर सलग न चालता तुकड्यातुकड्यांत चालतो आणि ते तुकडे ऐकू येतात. चार्जर कपाटामागे सरकवला, प्रश्न संपला.

स्क्रिप्टची पीडीएफ सरकवली की सूर पळायचा. दोन बोटांनी हळू सरकवलं तर शिट्टी वर चढे, थांबलं की परत जागेवर. ताई वाचता वाचता दर अर्ध्या पानाला पीडीएफ सरकवत होत्या, आणि फायलींतले सगळ्यात वाईट तुकडे तिथेच होते.

मग 2006 ची ती जुनी युक्ती करून पाहिली. कॅमेरा अ‍ॅप उघडलं. फोनवरचा सुळका बसला. कॅमेरा बंद केला, पुन्हा उभा राहिला. प्रोसेसरची झोपच आवाज करते याला याहून स्वस्त पुरावा मिळणार नाही.

रोगाचं नाव कळलं तरी औषध निवडायला वेळ लागला, कारण प्रत्येक औषधाचा काहीतरी दुष्परिणाम असतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये, सी-स्टेट बंद करायची सोय या मॉडेलमध्ये नव्हती. ऑफिसला विकल्या जाणाऱ्या मॉडेलमध्ये ती बऱ्याचदा असते. विंडोजला सांगून झोप पूर्ण बंद करता येते, तेही केलं. शिट्टी गेली, टास्क मॅनेजर प्रोसेसर 100 टक्के व्यस्त दाखवू लागला, लॅपटॉप तापला आणि पंखा सुरू झाला. कॅमेरा चालू ठेवला तर माइकशेजारी हिरवा दिवा डोळ्यात येतो आणि बॅटरी उतरते.

टिकला तो मधला मार्ग. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘रेकॉर्डिंग’ नावाचा वेगळा प्लॅन केला. त्यात मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट 99 टक्के ठेवली. हा एक टक्का कमी केला की टर्बो बूस्ट, म्हणजे प्रोसेसरने मधूनच घेतलेला जादा वेग, बंद होतो आणि प्रवाहाच्या उसळ्या बुटक्या होतात. नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो, तो पॉवरसीएफजी या आज्ञेने बाहेर काढावा लागतो. मिनिमम स्टेटही वर नेऊन ठेवली. शिट्टी पूर्ण गेली नाही, पण निम्म्याहून खाली आली आणि सूर पळायचा थांबला. पीडीएफ आता जुन्या टॅबवर उघडतात.

मधल्या काळात तापकीर गल्लीतल्या एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने सुचवलं, ‘उघडून द्या, कॉइलवर वार्निश मारतो.’ ट्रान्सफॉर्मर आणि मोटरच्या वाइंडिंगला ते खरंच उपयोगी पडतं. पण लॅपटॉपच्या बोर्डवरच्या कॉइल बहुतेक आधीच दाबून बंद केलेल्या ठोकळ्यासारख्या असतात, त्यांच्या आत वार्निश शिरत नाही. आणि आवाज कपॅसिटरचा असेल तर त्या वार्निशचा काय उपयोग? वॉरंटी मात्र नक्की जाते. नको म्हणालो.

खोली

शेवटचा आणि सगळ्यात मोठा फरक सेटिंगने नाही, मांडणीने पडला. उंच सुराची एक चांगली बाजू आहे: तो फार लवकर अडतो. पंख्याची घरघर किंवा रिक्षाचं इंजिन गोधडी अडवू शकत नाही, पण 11 किलोहर्ट्झची लाट काही सेंटिमीटरचीच असते, जाड कापडात ती जिरते. लॅपटॉप ताईंच्या समोरून हलवून माइकच्या पाठीमागे, दोन मीटर लांब ठेवला. त्यांचा माइक कार्डिऑइड आहे, पाठीमागचं त्याला सगळ्यात कमी ऐकू येतं. मध्ये कपड्यांच्या स्टँडवर सासूबाईंनी शिवलेली जाड गोधडी टांगली. लॅपटॉपवर टाकली नाही, टांगली. वर टाकली तर यंत्र गुदमरून पंखा फिरवणार आणि नवीनच काम उभं राहणार. इंटरफेसची यूएसबी केबल लांब घेतली. यूएसबी 2.0 ला 5 मीटरची मर्यादा असते, त्याच्या आतच राहिलो. लॅपटॉप टेबलावर ठेवायचा तो आता चार रबरी बुटांवर ठेवतात, म्हणजे टेबलाचं लाकूडही त्याच्या सुरात सूर मिसळत नाही.

एवढ्यावर नागमोडी रेषा स्पेक्ट्रोग्राममध्ये दिसेनाशी झाली. संकलनात आता तिच्यासाठी काही करावं लागत नाही. आधीची प्रकरणं मात्र पुन्हा वाचून घ्यावी लागली. जिथे शिट्टी ‘स’वर चढली होती तिथे दुसरा मार्ग नव्हता, आणि प्रकाशकाने त्याचे पैसे दिले नाहीत.

फायलींमध्ये एक रेषा अजून आहे, 18 किलोहर्ट्झच्या वर, अगदी अंधूक. बोर्डवरच्या कुठल्या भागाची आहे ते मी शोधलं नाही. श्रोत्यांपर्यंत पुस्तक 128 केबीपीएसच्या एमपी-3 मध्ये जातं, आणि ती फाइल बनतानाच 16-17 किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं.